चौदा नंबरचं माहेर

आमच्या शाळा गल्लीत आज कुणालाही विचारा, चौदा नंबरच्या निवाऱ्याला त्याचा पहिल्या दिवसापासून पाठिंबा होता. साफ खोटं आहे. निवारा नको म्हणून जो अर्ज गेला होता, त्यावर सदतीस सह्या होत्या आणि त्यातली अकरावी माझी होती. मी एकांबरम. चेन्नईतल्या रोयापुरमच्या पोस्टात एकतीस वर्षं पत्रं वाटली. कुठल्या दारामागे कोण कसं आहे ते मला पाठ आहे, तेव्हा निदान माझ्यासमोर तरी कुणी मोठेपणा मिरवू नये.

चौदा नंबर ही पूर्वी महापालिकेची प्राथमिक शाळा होती. पोरं कमी झाली, शाळा बंद पडली, आणि दोन वर्ग, एक व्हरांडा आणि अंगणातला कडुलिंब एवढं कुलपात राहिलं. मग बंदराकडचा रस्ता रुंद करताना फुटपाथवरची कुटुंबं उठवली, तेव्हा पालिकेनं घाईघाईनं ते कुलूप काढलं आणि तातडीचा निवारा असा बोर्ड लावला. फुटपाथवर तीन-तीन पिढ्या काढलेली ही माणसं. त्यांची सोय पाहायला एका लहान संस्थेनं जी बाई आणून बसवली, ती सेंगमलम.

सेंगमलमअक्का तेव्हा पन्नाशीची असेल. काडीसारखी बाई, पण आवाज असा की गल्लीच्या या टोकाला मिरची विकणारा त्या टोकाला गप्प होई. ती स्वतः फूलबाजाराच्या फुटपाथवर बावीस वर्षं राहिलेली. तिथंच गजरे गुंफले, तिथंच नवरा गेला. मूलबाळ नाही. संस्थेनं तिला व्हरांड्याच्या कोपऱ्यातली खोली दिली, जिथं पूर्वी शाळेचे नकाशे ठेवायचे. आयुष्यात पहिल्यांदा दाराला आतून कडी लावून झोपले, तर रात्रभर झोपच लागली नाही, असं ती हसत सांगायची.

तिची कामाची रीत जगावेगळी होती. पालिकेची गाडी कुणाला घेऊन आली, की फॉर्ममध्ये पहिली ओळ नावाची. अक्का फॉर्म बाजूला ठेवायची. आधी बादलीभर कढत पाणी, मग पोटभर रसम-भात, मग चटई. नाव तिसऱ्या दिवशी. पालिकेचे तपासनीस धनशेखरन महिन्यातून एकदा यायचे आणि दर वेळी कोऱ्या फॉर्मवरून त्यांचा पारा चढायचा.

"अहो बाई, हा माणूस परवापासून इथं आहे आणि फॉर्म कोरा?"

"साहेब, आधी माणूस भरू दे, मग फॉर्म भरू."

"आणि उद्या पळून गेला तर?"

"रस्त्यावर नाव कोण विचारतं साहेब? उठवायला आलेला, नाहीतर पकडायला आलेला. मी तिसऱ्या दिवशी विचारते, म्हणून खरं नाव सांगतात. तुमच्याकडं मेलं निम्मं गाव खोट्या नावानं लिहिलेलं असेल."

माझं आणि तिचं पहिलं भांडण नावावरून नाही, पत्त्यावरून झालं. निवारा सुरू होऊन आठ महिने झाले असतील. चौदा नंबरवर एक सरकारी पाकीट आलं, वेण्णिला नावाच्या मुलीचं आधारकार्ड. मी म्हटलं, निवाऱ्यात आज आहे, उद्या नाही, त्याला काय पत्ता म्हणायचं? पाकिटावर 'या पत्त्यावर राहत नाही' असं लिहून परत पाठवायच्या गठ्ठ्यात टाकलं. हे मी अंगचोरपणानं केलं नाही, नियमानं केलं असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर त्या अकराव्या सहीचा राग त्यात होता.

दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी सेंगमलमअक्का पोस्टात हजर. मागे ती एकोणीस वर्षांची वेण्णिला, मान खाली. अक्काच्या काखेत काय, तर दाराची निळी नंबरपट्टी, खिळ्यांसकट उपटून आणलेली. ती तिनं माझ्या समोर आपटली.

"पोस्टमन सार, वाचता येतं ना? काय लिहिलंय?"

"चौदा."

"ही पोरगी या पट्टीच्या मागे आठ महिने झोपते, जेवते, अंघोळ करते. राहत नाही, तर मग काय करते? पाहुणचार घेते?"

सगळी रांग हसली. आमच्या पोस्टमास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पाकीट गठ्ठ्यातून काढून तिथल्या तिथं वेण्णिलाच्या हातात दिलं. पोरीनं कार्ड उघडलं, पत्ता बोटानं वाचला आणि रडायला लागली. तिची आई सरकारी दवाखान्यात वारली तेव्हा दवाखान्याच्या कागदावर पत्त्याच्या जागी नुसती रेघ मारलेली होती, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

त्यानंतर अक्का रोज अकरा वाजता उंबरठ्यात उभी. पत्र असो नसो. "आज काय, सार?" मी मान हलवली की, "उद्या आणा." आणि पत्रं यायलाही लागली. पत्ता झाला तसं एकेकाचं रेशनकार्ड झालं, बँकेचं पुस्तक झालं, शिवणकामाच्या कारखान्यातून नोकरीचं बोलावणं आलं. कमावता झाला की अक्का त्याच्यासाठी भाड्याची खोली शोधायला स्वतः निघायची. घरमालक "फुटपाथवाले नकोत" म्हणाला, की ही त्याच्याच ओट्यावर ठाण मांडायची आणि "मीही फुटपाथवालीच. मी तुमचं काय चोरलंय ते सांगा, मग उठते," म्हणायची. चार वर्षांत तिनं साठ-पासष्ट कुटुंबं अशी घरांत बसवून दिली.

आणि मग वादळाचं वर्ष आलं. आमच्या गल्लीत कंबरभर पाणी. चौदा नंबर शाळा म्हणून उंच जोत्यावर बांधलेली, ती तेवढी कोरडी. ज्या सदतीस जणांनी सह्या केल्या होत्या, ते सगळे डोक्यावर बोचकी घेऊन त्याच दारात. मी आणि माझी बायको तिलकवतीही. अक्कानं एकालाही अडवलं नाही. आम्हांला बादलीभर कढत पाणी मिळालं, वेण्णिलानं रसम-भात वाढला, चटई मिळाली. मला मात्र राहवेना.

"अक्का, नाव लिहून घ्या ना आमचं."

"तुमचं कशाला विचारू, सार? अर्ज वाचून घेतलाय मी. वरून अकरावं."

तिलकवतीनं माझ्याकडे असं पाहिलं, की पाणी ओसरायची वाट पाहण्यापेक्षा मी त्यात उडी टाकावी. त्या अर्जाचं तिला मी सांगितलंच नव्हतं.

आता मुख्य गोष्ट सांगतो. वेण्णिला शिवणकारखान्यात लागली, तिथल्या इस्त्रीवाल्या कबिलनशी तिचं जमलं. लग्न देवळात झालं. कबिलनची आई पच्चैअम्माळ कासिमेडूच्या धक्क्यावर मासे विकायची. तिची जीभ तिच्या सुरीपेक्षा धारदार. सून फुटपाथवरची, हे तिनं मुलासाठी गिळलं होतं, पण पचलं नव्हतं. दीड वर्षानं वेण्णिलाला दिवस गेले. सातवा महिना आला आणि आमच्याकडे सातव्यात जे करतात, त्याची बोलणी घरात सुरू झाली. बांगड्या भरायच्या, माहेरच्यांनी ओटीची ताटं घेऊन वाजतगाजत यायचं, आणि समारंभ झाला की लेकीला बाळंतपणाला घेऊन जायचं.

"तुझ्याकडून कोण येणार गं?" पच्चैअम्माळनं चार शेजारणींसमोर विचारलं. "आणि बाळंतपणाला कुठं नेणार? बंदराच्या फुटपाथवर? तोही आता रुंद केला म्हणे, प्रशस्त झाला असेल."

वेण्णिला दुसऱ्या दिवशी पोट सांभाळत चौदा नंबरला आली. अकरा वाजले होते म्हणून मी तिथंच होतो. उंबरठ्यावर बसून ती पोर सांगत होती आणि हुंदके देत होती. "अम्मा, समारंभच नको म्हणून सांगते मी. जन्मभर ऐकून घेईन. पण ताटं न येता सगळ्यांसमोर पाटावर नाही बसणार."

सेंगमलमअक्कानं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तोंड धू आधी. तुझ्या सासूला सांग, येत्या शुक्रवारी दहा वाजता चौदा नंबरहून ताटं येतील. आणि लेक आम्ही घेऊन जाऊ. तिला म्हणावं, दारात पाणी घेऊन उभी राहा."

शब्द तर दिला. पण मंगळवारी धनशेखरन आले आणि त्यांनी तो साफ मोडीत काढला.

"बाई, तिला घर आहे. नवरा आहे. हा निवारा बेघरांसाठी आहे. एक रात्रसुद्धा ठेवता येणार नाही. उद्या वरून विचारणा झाली, तर हे दारच बंद होईल. बाकीच्या चाळीस जणांना कुठं नेणार आहात?"

ते खोटं बोलत नव्हते, हीच अडचण होती. व्हरांड्यातली माणसं कामं थांबवून ऐकायला लागली. अक्का म्हणाली, "साहेब, तिला घर आहे, माहेर नाही. ही बेघर की नाही, तुम्हीच सांगा."

"नियमात माहेराचा रकाना नाही."

"बरं. माझ्या खोलीचा नियम काय? मी वाचलाय, वाचून घेतलाय चार जणांकडून. सांभाळणाऱ्या बाईच्या खोलीत तिच्या घरचं एक माणूस राहू शकतं."

"घरचं. तुम्हांला मूलबाळ नाही, हे तुमच्याच अर्जावर आहे."

अक्का उठली, खोलीत गेली आणि तिची पत्र्याची पेटी घेऊन आली. निवाऱ्यातून गेलेल्या प्रत्येकाच्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स त्या पेटीत असते. बिऱ्हाड उठलं की पहिला हरवतो तो कागद, हे तिला माहीत. तिनं एक कागद काढून धनशेखरनच्या हातात दिला. वेण्णिलाच्या लग्नाचा दाखला होता, देवळातल्या नोंदीवरून मिळालेला. मुलीकडून कन्यादान करणारे पालक, या ओळीत वेडंवाकडं लिहिलं होतं, सेंगमलम. सही करायला ती त्याच लग्नासाठी शिकली होती.

"या दाखल्याचं पाकीट मी दिलंय," मी मधेच म्हणालो. गप्प बसायला हवं होतं, पण बसवेना. "रजिस्टर पोस्टानं आलं होतं. चौदा नंबरवर. माझ्या वहीत त्याची नोंद आहे, साहेब. देवळानं मानलं, सरकारनं शिक्का मारला, आणि मी स्वतः दारात आणून दिलं. आता तुम्हीच काय ते नाही म्हणा."

धनशेखरननी दाखला दोनदा वाचला. चष्मा पुसला. मग रजिस्टर ओढून त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. वेण्णिला. नातं, मुलगी. मुक्काम, सांभाळणाऱ्या बाईच्या खोलीत, नव्वद दिवस. सही ठोकली आणि जाता जाता दारातून वळून म्हणाले, "ताटं विषम न्या बाई. सम संख्या असली तर ती मासेवाली तुमचं नाक कापेल."

पुढचे तीन दिवस चौदा नंबरला लग्नघराची कळा आली. निवाऱ्यात होते ते आणि निवारा सोडून खोल्यांत गेलेले, असे मिळून एकवीस ताटं ठरली. कुणी हळद-कुंकू, कुणी खोबरं, कुणी हिरव्या-लाल बांगड्या, कुणी चिंचभात, लिंबूभात, दहीभात. आठ महिने नाव न सांगितलेला एक म्हातारा होता. त्यानं कुठून तरी केळ्यांचा फणा आणला आणि ताटावर मांडताना पहिल्यांदाच बोलला, "लिहा, ताट अळगिरीकडून." अक्कानं त्याचा फॉर्म तिथंच काढला.

शुक्रवारी सकाळी सगळे अंगणात रांगेत उभे. अक्का मोजत गेली आणि शेवटी तिचा चेहरा पडला. बावीस. पुन्हा मोजली. बावीसच.

बाविसावं ताट माझं होतं. तिलकवतीनं आदल्या दिवशी कुणाला न विचारता लाडू वळले होते आणि सकाळी माझ्या हातात ताट ठेवून म्हणाली होती, "सही फेडून या." मी मुकाट्यानं मागे जाऊन उभा राहिलो होतो.

"कुणीतरी एक ताट कमी करा," कुणी म्हणालं. पण कोण करणार? लोकांनी पोटाला चिमटा घेऊन आणलेली ताटं ती. प्रत्येकानं आपलं ताट छातीशी धरलं. मी म्हटलं, "माझं ठेवा घरी, चूक माझी आहे." तर अक्का माझ्यावरच उखडली. "आणलेलं ताट माहेरून परत जात नाही. गप उभे राहा." ती खोलीत गेली. बाहेर आली ती एक रिकामं पितळी ताट घेऊन. त्यात केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर हळद लावलेलं काहीतरी, वरून नवा लाल रुमाल. "तेवीस. चला."

कासिमेडूपर्यंत दीड मैल आम्ही चालत गेलो. पुढे सनईसारखं नादस्वर वाजवणारा, मागे तेवीस ताटं. ज्या माणसांना या शहरानं बोचक्यासकट हाकललं होतं, ती इस्त्रीचे कपडे घालून रस्त्याच्या मधोमध चालत होती आणि बस त्यांच्यासाठी थांबत होती. मी आयुष्यभर त्या रस्त्यानं पिशवी घेऊन फिरलो, पण इतकी ताठ मान माझी कधी नव्हती.

पच्चैअम्माळ दारात उभी होती. तिनं आमची ओळ गल्लीच्या वळणापर्यंत पाहिली, तरी शेवट दिसेना. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो तिनं खाली ठेवला, पुन्हा उचलला. एकेक ताट पाटासमोर लागत गेलं. शेवटच्या ताटावरचा रुमाल तिनं स्वतः उचलला.

"हे काय?"

"किल्ली," सेंगमलमअक्का म्हणाली. "माझ्या खोलीची. लेक कुठं नेणार, विचारत होता ना? ही तिच्याकडे राहील. बाळंतपणाला येईल, सणाला येईल, तुमच्याशी भांडून येईल. दार तिचं तिनं उघडायचं."

मग बांगड्यांची वेळ झाली. आमच्यात पहिली बांगडी कडुलिंबाच्या काडीची असते, आणि ती सवाष्णीनं भरायची असते. सेंगमलमअक्का विधवा, म्हणून सवयीनं मागे भिंतीला जाऊन उभी राहिली. पच्चैअम्माळनं ती काडी उचलली, सगळ्यांकडे एकदा डोळे वटारून पाहिलं आणि ओरडली, "विहीणबाई, तिकडं भिंतीला काय चिकटलात? पहिली बांगडी आईनं भरायची. मीसुद्धा विधवाच आहे, बघते कोण काय बोलतं ते!"

काडी चौदा नंबरच्या अंगणातल्याच कडुलिंबाची होती. अक्कानं ती वाकवून वेण्णिलाच्या हातात घातली तेव्हा लेकीनंच तिचं मनगट धरलं.

वेण्णिलाला मुलगी झाली. नव्वद दिवस ती त्या नकाशांच्या खोलीत राहिली आणि पच्चैअम्माळ दर दोन दिवसांनी मासे घेऊन नातीला पाहायला यायची, अक्काशी भांडायची आणि जेवून जायची. किल्ली परत द्यायला वेण्णिला आली, तेव्हा अक्कानं घेतली नाही. पुढे निवाऱ्यातून लग्न होऊन गेलेल्या आणखी आठ मुलींना तिनं तशाच किल्ल्या करून दिल्या. कुलूपवाला वैतागून म्हणतो, एका कुलपाच्या एवढ्या किल्ल्या, मग कुलूप लावताच कशाला?

मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. माझ्या जागी कार्तिगा नावाची बाई आली आहे, हुशार आहे, नियमाला धरून चालणारी. गेल्या महिन्यात ती माझ्या दारात एक पत्र घेऊन आली. वर वेण्णिलाचं अक्षर. पत्त्यात एवढंच होतं: 'अम्मा, रोयापुरम'. गल्ली नाही, नंबर नाही, नाव नाही.

"सार, पत्ता अपुरा. परत पाठवते," ती म्हणाली आणि तिनं पेन काढलंही होतं.

मी पत्र तिच्या हातातून घेतलं. चपला घातल्या. अकराला दहा कमी होते, अक्का उंबरठ्यात उभी असणार होती.

"पत्ता पुरा आहे, बाई," मी म्हटलं. "चला, दाखवतो."